सुमनची टाकी

धारपांच्या परसातल्या टाकीवर लाल दिवा लागला, म्हणून तपासनीस अनघा आली. घरोघरी अशा टाक्या होत्या. त्यांतले जिवाणू सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद खाऊन टाकत, मगच पाणी तळ्यात जाई.

"काका, टाकीत दूध ओतता का?"

"सुमन गेल्यापासून मी एकटाच. माझ्या एकट्याचं सांडपाणी त्या जिवाणूंना पुरत नाही. तिनं वाढवलेत ते, उपाशी कसे ठेवू?"

"पण उरलेलं तळ्यात जातंय, काका. पाणी हिरवं पडलंय. असंच चाललं तर टाकी बंद करावी लागेल."

कुंपणापलीकडे शिर्क्यांच्या दोरीवर दुपटी वाळत होती.

अनघा म्हणाली, "त्यांची टाकी आता अपुरी पडतेय. त्यांची नळी इकडे जोडू?"

धारपांनी हातातलं दुधाचं पातेलं खाली ठेवलं.

"बाळ पितं ना पोटभर?" त्यांनी विचारलं.