दूधबहीण

काझीने तिसऱ्यांदा विचारलं, "मुलामुलीत रक्ताचं किंवा दुधाचं नातं नाही ना?" आणि पडद्यामागून खानाची दाई ओयजमाल म्हणाली, "आहे."

गादीवरच्या आठ वर्षांच्या शेरमत खानाने मान वर केली. आवाज त्याने लगेच ओळखला. का नाही ओळखणार? तिच्याच अंगावर पिऊन तो वाढला होता. राज्य नावाला त्याचं. खान मोठा होईपर्यंत कारभार त्याच्या पालकाच्या, अतालिक नियाजकुलीच्या हातात, आणि तो सुटावा अशी अतालिकाची मुळीच इच्छा नव्हती. म्हणून आज तो आपली सहा वर्षांची गौहर खानाला देत होता. खानाच्या सासऱ्याला कोण हलवणार?

निकाह झाला की खानाने सासऱ्याच्या गढीत राहायला जायचं, असा रिवाज. ओयजमालला धास्ती होती ती या गढीचीच. खानाचा थोरला भाऊ दोन वर्षांमागे तिथे हवापालटाला गेला, त्याचं प्रेतच नमद्याच्या घोंगडीत गुंडाळून परत आलं. ताप आला म्हणे! त्या एकट्या पोराला ताप येतो आणि अख्ख्या गढीत दुसरं कुणी शिंकतही नाही.

"गौहरच्या आईला दूध येत नव्हतं, तेव्हा महिनाभर मीच पाजलंय तिला," ओयजमालने ठणकावून सांगितलं. साफ खोटं. पण गौहरची आई कबरीत आणि बाप तेव्हा मोहिमेवर, नाही म्हणणार कोण? तिने रोटीवर हात ठेवून शपथसुद्धा घेतली. जहन्नममध्ये गेले तर गेले, पोरगा तर वाचेल.

काझीने कागद गुंडाळला. एकाच बाईचं दूध प्यालेली ती भावंडंच; दूधबहिणीशी निकाह लावायला तो धजेना.

आता अतालिक आपली चामडी सोलणार, असं धरून ओयजमाल उभी राहिली. तो चिडलाच नाही. शांतपणे त्याने विचारलं, "आणि खानाचा सावत्र भाऊ, धाकट्या राणीचा तो रांगता मुलगा? त्यालाही तूच पाजलंस का गं?"

तिला हायसं वाटलं. एवढं तरी खरं सांगता येत होतं.

"नाही हो, मालक. त्याला त्याच्या आईनेच पाजलं. दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही."

अतालिकाने मान डोलावली. काझी उठून जोडे शोधत होता, त्याला त्याने थांबवलं.

"बसा, काझीसाहेब. निकाह आजच होईल. खान तेवढा बदलावा लागेल."