संकष्टीचा आलेख

"टीबी परत आलाय, दिगंबरराव. साखर वाढलेली राहिली की तो असा उलटतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तुमच्या अंगावरची साखर मोजणारी पट्टी तर वर्षभर आम्हाला उत्तम आकडे कळवतेय. फक्त दर संकष्टीला चंद्रोदयापर्यंत साखर खाली उतरते. उपवास करता?"

दिगंबर नुसता खोकत राहिला. उपवास करायची ती शेजारी बसलेली त्याची बायको, मालती.

तिचा हात पाठीकडे गेला. पाठदुखीवरचं औषध म्हणून तो दर सोमवारी तिला पट्टी लावायचा, वरून हात फिरवायचा. एकोणीस वर्षांच्या संसारात तेवढीच माया तिच्या वाट्याला आली होती.

तिने पट्टी ओरबाडून टेबलावर टाकली.

"अहो, तुम्हाला सोबत म्हणून मी चहातली साखरसुद्धा सोडली होती."