कुलूपरावांचा बंदोबस्त

बांधकामाच्या साइटवरची हत्यारांची चोरी थांबली, तर कुलूपरावांना मिळणार होतं ते असं : कायमची नोकरी, मालकाच्या सगळ्या साइटींवरच्या स्टोअरचा ताबा आणि दोन खोल्यांचं क्वार्टर. नाही थांबली, तर घरी बसायचं. मालकाने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या.

कुलूपराव हे मजुरांनी स्टोअरकीपरला ठेवलेलं नाव. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

बंदोबस्त त्यांनी चोख केला. संध्याकाळी सगळी हत्यारं स्टोअरच्या खिडकीतून आत. सकाळी एकेक माणूस, एकेक हत्यार, उलटसुलट बघून बाहेर. रांग फाटकापर्यंत जायची. कामावर उशिरा पोचला की अर्धा रोज कापला जायचा. कुणी कुरकुरलं तर कुलूपराव विचारायचे, "एवढी घाई कसली? काही लपवायचंय?"

सुटताना झडती. घामाने भिजलेले सदरे, खरकटे डबे, एखादीच्या पिशवीतली बाळाची ओली दुपटी. सगळं ते दोन बोटांनी उचलायचे आणि मग ती बोटं साबणाने धूत बसायचे.

"शी," घरी गेल्यावर बायकोला सांगायचे, "हाताला वास राहतो गं त्या लोकांचा."

तरी अधूनमधून मोजणीत काहीतरी कमी भरायचंच. कधी ग्राइंडर, कधी ड्रिल. किंमत टोळीच्या मजुरीतून वळती व्हायची.

एकदा प्लास्टरवाला हरवलेला ग्राइंडर घेऊन खिडकीशी आला. "वाळूच्या ढिगामागे होता, साहेब."

"तिथे काय फिरायला गेला होता तो?"

प्लास्टरवाला हसला. त्याला वाटलं, थट्टा चाललीय. दुपारच्या आत त्याला चोर म्हणून फाटकाबाहेर काढलं. त्यानंतर काही सापडलं म्हणून कुणीच खिडकीशी आलं नाही. सगळे आतून मिळालेले आहेत, असं कुलूपरावांनी ताडलं.

मग त्यांची नजर मिस्त्रीवर गेली. हा गवंडी संध्याकाळी सगळ्यांत शेवटी निघायचा. सकाळच्या रांगेत दिसायचा नाही, आणि भिंत मात्र याचीच पुढे.

"कुठे विकलंस, बोल."

"साइटबाहेर खिळासुद्धा गेला नाही, साहेब."

"मग आत कुठे आहे, दाखव."

प्लास्टरवाला ज्या फाटकातून गेला, त्याकडे मिस्त्रीने बघितलं.

कुलूपरावांनी टोळीदेखत त्याला सदरा उतरवायला लावला. खिशातून कंगवा निघाला. तेवढ्यावर त्याला काढला.

त्या दिवसापासून एकही हत्यार कमी झालं नाही. मालकाने कुलूपरावांच्या पाठीवर थाप मारली. बायकोने क्वार्टरमध्ये भांडी लावून घेतली.

शेवटी जिन्याखालची पोकळी काँक्रीटने भरायचं काम उरलं. मिक्सर सुरू झाला, तेव्हा घमेली वाहणारी बाई कुलूपरावांना एकट्याला बोलावून तिथे घेऊन गेली. ती मिस्त्रीची भावजय. रिकामी पोती तिने बाजूला केली. खाली ड्रिल, ग्राइंडर, कटर ओळीने मांडलेले होते. तेल लावून, चिंध्यांत गुंडाळून. एकही कमी नव्हतं.

"रांगेत अर्धा रोज बुडायचा, म्हणून भावोजी इथेच ठेवायचे, सकाळी लवकर हाताशी यावं म्हणून," ती म्हणाली. "परत देणार होते. पण प्लास्टरवाल्याचं काय झालं ते बघितलं ना सगळ्यांनी. आता हे भरणार म्हणून सांगते. त्यांना परत बोलवा, साहेब. चार महिने घरी बसलेत."

कुलूपरावांनी वाकून सगळी हत्यारं मोजली. चोरच नव्हता म्हटल्यावर चोरी थांबवली कुणी, हे मालक विचारणारच.

"तुला हे पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"होतं की."

"म्हणजे तूही त्यातलीच."

बाईचा हात पदरापाशी गेला आणि तिथेच थांबला. झडतीच्या वेळी जायचा तसा.

"मी काही बघितलं नाही, तूही नाही," कुलूपराव म्हणाले. "पोती पसर आणि भरायला घे. मी उभा आहे."

पहिलं घमेलं तिनेच ओतलं. त्या साइटवरून कायमची गेली ती एवढीच हत्यारं, आणि त्यांची किंमत टोळीने आधीच भरलेली होती.