नाव घेऊन मागितलेला पाला

डॉक्टर किंतानियांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि आंपारोला कुठं तोंड लपवू असं झालं. मागच्या दोन्ही खेपांना "आणखी कुठलं औषध घेता का?" असं त्यांनी विचारलं होतं आणि तिनं साफ नाही म्हटलं होतं. ते काही खोटं नव्हतं. चहाला कुणी औषध म्हणतं का?

मग यकृत बिघडलं, कॅन्सरची सलाईन थांबली, आणि घरातलं होतं नव्हतं ते घेऊन या म्हणून डॉक्टरबाईंनी बजावलं.

टेबलावर जागा उरली नाही. बहिणीनं पाठवलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, शेजारणीनं वाळवून दिलेली लक्ष्मणफळाची पानं, चर्चमधल्या बायकांनी आणलेली कसल्याशा वेलीची साल. शिवाय पुड्या, बरण्या. जीव लावून दारात आलेल्या बाईला परत कसं पाठवायचं? आंपारोनं सगळ्यांचं मुकाट घेतलं, सगळ्यांचं प्यायली. पण हे सारं एकत्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपण जगावं म्हणून इतकी माणसं खटपट करत होती! 

शेवटच्या बरणीचं झाकण डॉक्टरांनी उघडलं आणि खोलीभर पावसानंतरच्या वाळवंटाचा वास पसरला. गोबेर्नादोरा, वाळवंटातल्या झुडपाचा पाला.

"माझी आजीपण द्यायची हा," डॉक्टर म्हणाल्या. "पण यकृताचा घात हाच करतो. हा बंद झाल्याशिवाय मला पुढची सलाईन देता येणार नाही. कुणी दिला?"

कोपऱ्यात पर्स मांडीवर धरून आंपारोची सासू बसली होती, दोन्या रेफुहिओ. लेकानं परस्पर लग्न ठरवलं तेव्हापासून, मुलं हाताशी आली तरी, म्हातारीनं सुनेला नावानं हाक मारली नव्हती. कधी "अगं", कधी "पोरांची आई". आंपारोनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"बाजारातून आणला," ती म्हणाली.

"खोटं बोलतेय," म्हातारी म्हणाली. "मी दिला."

 बाजारातल्या पाल्यात काही जीव नसतो, तिनं सांगितलं. उजाडायच्या आत कालव्यापलीकडे जायचं, झुडपासमोर उभं राहायचं, मागायचं आणि मगच तोडायचं. आंपारोच्या डोळ्यांपुढे तिचे सुजलेले गुडघे आले. घरात तर जिनाही चढवत नव्हता तिला.

"मागायचं म्हणजे कसं?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"कुणासाठी हवं, त्याचं नाव घेऊन. नाव घेतल्याबिगर ते देत नाही."

आंपारोच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती घरात झोपलेली असताना, अंधारात, तिकडे त्या तोंडून तिचं नाव निघत होतं. दर खेपेला.

म्हातारी कशीबशी उठली. बरणीचं झाकण तिनं घट्ट लावलं आणि बरणी पर्समध्ये टाकली.

"उद्या जाऊन त्या झुडपाला सांगून येते," ती डॉक्टरांना म्हणाली. "आंपारोला आता तुमच्या हवाली केलीय म्हणून."