दोन टोप्या

धाकटीने केस टिपायचा चिकट रोलर थोरलीच्या पाठीवरून फिरवला आणि त्यावरची कागदी पट्टी फाडून उजेडात धरली. पट्टीवर लांब, अर्धे पांढरे केस होते. त्यांच्या आजूबाजूला पीठ भुरभुरावं तसा कोंडा.

"आहेत?" थोरलीने मागे न बघता विचारलं.

"थोडे आहेत. हलू नका, ताई."

दोघी सख्ख्या जावा. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. आत जाण्याआधी बायकांनी जोडीजोडीने एकमेकींच्या कपड्यांवरून रोलर फिरवायचा आणि ती पट्टी दारावर सुपरवायझर बाईंना दाखवायची, अशी तिथली रीत होती. धाकटी रोज पहिली पट्टी मुठीत चुरगाळून टाकायची, पुन्हा रोलर फिरवायची आणि दुसरी पट्टी दाखवायची. आजवर ते निभावलं होतं. पण काल पुन्हा एका गिऱ्हाइकाच्या पुड्यात केस निघाला होता. सुटतानाच बाईंनी सगळ्यांना उभं करून बजावलं होतं, "यापुढे जिचा केस सापडेल ती आणि तिची जोडीदारीण, दोघी घरी." आणि घरात कमावणाऱ्या या दोघीच होत्या.

धाकटीने दुसरी पट्टी फाडली. तिच्यावरही केस होते.

"पुन्हा तेल चोपडलंत ना?"

"मग काय करू? कोरडे ठेवले की उडतात. तेलाने निदान डोक्याला चिकटून तरी राहतात."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? तेलाने कोंडा वाढतो. कोंड्याने खाज येते. खाजवलं की आणखी गळतात. त्यात तुमच्या या एकावर एक दोन टोप्या. सगळा घाम आत कोंडून राहतो."

"त्या म्हणाल्या, डोक्याला हवा लागू द्या. मी म्हटलं, बाई, डोक्याला हवा दिली तर पोटाला काय देऊ?"

धाकटीला हसू आलं. थोरलीला तेवढंच पुरलं.

"लिंबू झालं, दही झालं, मेथ्या झाल्या. सगळं स्वयंपाकघर डोक्यावर पालथं घातलं, आता कढई तेवढी राहिलीय. आणि हे बघ," तिने कपाळावर बोट ठेवलं. टोपीच्या इलॅस्टिकखालून तेल झिरपून कपाळ चकाकत होतं आणि कडेकडेने लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. "सोळाव्या वर्षी आल्या नाहीत, त्या आता आल्यात. लग्न ठरवायला निघालेय जशी!"

"गप्प बसा. वाका जरा."

तिसरी पट्टी फाडताना मागून बाईंचा आवाज आला.

"झालं की नाही तुमचं? मशीन सुरू झालं."

धाकटीने मूठ मिटली. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पट्टीसाठी हात पुढे केला नाही.

"मूठ उघड म्हणत नाही मी," त्या हळूच म्हणाल्या. "तोंडाने सांग. तू घरातली आहेस, तुला ठाऊक असणार. हिला आत घेऊ का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली भिंतीकडे बघत होती.

"सांग की," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? दोघींनी घरी बसायचं का?"

"नको," धाकटी म्हणाली.

"काय नको?"

"त्यांना आत नका घेऊ."

बाईंनी मान हलवली. मग थोरलीकडे वळून त्या म्हणाल्या, "गोदामात विचारलं असतं, पण तिथेही हाच नियम. केस नीट झाले की ये परत."

"येईन," थोरली म्हणाली. केस आता नीट होणार नाहीत, हे तिघींनाही कळत होतं.

बाई गेल्या. थोरली बाकावर बसली. तिने वरची टोपी काढली, मग आतली. एका घरात राहूनही धाकटीने ते डोकं कधी उघडं पाहिलं नव्हतं. थोरली सगळ्यांच्या आधी उठून न्हायची आणि फडकं बांधूनच बाहेर यायची. मधल्या भागात केस इतके विरळ झाले होते की टाळूवरचे नखांचे ओरखडे मोजता आले असते. धाकटीने नजर खाली घेतली.

"बघ, बघ. लाजायचं मी, तू कशाला लाजतेस?" थोरली म्हणाली. तिने फडकं बांधलं, पिशवी उचलली. "घरी मी सांगते, माझी मीच सोडली म्हणून. तूही तेच सांग. आणि डोळे पूस. आत ओल्या डोळ्यांनी गेलीस तर आणखी काहीतरी शोधून काढतील."

धाकटी आत गेली तेव्हा पट्टा फिरू लागला होता. भट्टीची धग भिंतीतून जाणवत होती. बिस्किटं ओळीने येत होती आणि बायका ती सरळ करून पुढे सोडत होत्या.

"मोठी कुठे गं?" समोरच्या बाईने ओरडून विचारलं. "बरं नाही का तिला?"

"आज आली नाही."

"असू दे. तिच्या जागेवर कुणाला बसू देत नाही म्हणावं मी."

"सांगते," धाकटी म्हणाली. आणि शेजारच्या रिकाम्या जागेसमोरून तिरकी तिरकी पुढे चाललेली बिस्किटंही हात लांब करून सरळ करू लागली.