जोडीची पाती

द्राक्षबागेतल्या छाटलेल्या काड्या चुरायला ट्रॅक्टरमागं जोडायचं यंत्र, म्हणजे मल्चर, घ्यायचा, तर दुकानात आधी त्याच्याशी बोलून बघावं लागतं, कारण हल्ली मल्चर ज्याच्याशी जुळतो त्याचंच ऐकतो. धनाजीनं आपल्या ट्रॅक्टरला पेलेल असा मल्चर पारखून निवडला, पण तो जुळला त्याच्या बायकोशी, शोभनाशी. "ताई, पुढं दगड आहे, मला जरा वर उचला," असं तो लाडानं म्हणायचा आणि ती खुदकन हसायची. नवऱ्याच्या बोलण्यावर ती अशी कधी हसली नव्हती.

एका सकाळी धनाजीला ते सोसवेना. मल्चरच्या झिजलेल्या पात्यांमध्ये त्यानं एकच नवं, जड पातं बसवलं. तोल बिघडून यंत्र थरथरेल, मग ती आपल्यालाच विचारायला येईल, एवढंच त्याच्या मनात होतं.

शोभनानं ट्रॅक्टर सुरू केला, पण मल्चर फिरेना. "ताई, एक पातं जड आहे. असा फिरलो तर ते निखळून तुम्हालाच लागेल."

हे धनाजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो धावत ट्रॅक्टरपाशी आला.

इंजिन बंद करून शोभना उतरली आणि तिनं वाकून पाती पाहिली. "अहो, पाती समोरासमोर जोडीनं बदलतात. दुसरं कुठंय?"

त्यानं घरातून जोडीचं दुसरं पातं आणलं. तिनं हात पुढं केला नाही, उलट पाना त्याच्या हातात ठेवला.

"तुम्हीच बसवा. माझ्यानं नट तेवढा घट्ट होत नाही."

तिच्यानं होत होता, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गुडघे टेकून बसला आणि नट आवळू लागला.