गवताचं मशीन

“फरशीवाल्याला निरोप धाडलाय,” बांधकाम खात्याचे मोहतमीम साहेब म्हणाले. “दसऱ्याआधी हे सगळं गवत उकरून काढायचं आणि शहाबादी टाकायची. दौऱ्यावर येणाऱ्या सुभेदार साहेबांना चहा काय या जंगलात पाजू?”

शिवकांता शेडमध्ये उकिडवी बसली होती. तिच्यापुढं गवत कापायचं मशीन उताणं पडलेलं होतं.

“मशीन चालू झालं तर, साहेब?”

“हे?” साहेबांनी गंजलेल्या पात्यांना छडी टोचली. “माझ्या कितीतरी आधीच्या गोऱ्या इंजिनिअरनं आणलेलं आहे हे. आता लढाई चालू आहे. विलायतेहून एक स्क्रू यायचा नाही.”

“न्हाय आला तरी चालंल. दसऱ्याआधी कापून दाखवते. मग मात्र फरशी नको.”

साहेब हसले. पावसाळाभर ते हैदराबादेत होते. नळदुर्गचा सरकारी बंगला तोवर बंद, आणि पुढची हिरवळ गुडघ्याला लागत होती. मुरमाच्या त्या माळावर गाडीनं माती आणून, कावडीनं पाणी घालून महालिंगप्पा माळ्यांनी ती हिरवळ उभी केली होती. शिवकांता त्यांची एकुलती लेक.

“महालिंगप्पा कुठाय? तो का नाही आला?”

“अप्पा बसून आहेत, साहेब. चालणं संपलं त्यांचं. मशीनचं सगळं मला शिकवलंय.”

“बघू,” साहेब म्हणाले. “उकरायला माणसं मात्र सांगून ठेवतो.”

ती कामाला लागली. घासलेटात भिजवून एकेक नट सैल केला. विटेच्या तुकड्यानं गंज खरवडला. साखळीची एक कडी तुटली होती, तिथं सायकलच्या साखळीची कडी ठोकून बसवली. मागचा लोखंडी रूळ जाम झाला होता. त्याच्या दोन्ही टोकांना करडईचं तेल मुरू दिलं आणि रोज थोडा थोडा हलवत गेली. घाई कुठंच केली नाही.

चौकीदार बब्रुवान दारात बिडी ओढत बसायचा. बंगल्याच्या किल्ल्या त्याच्याकडं असत.

“शिवाक्का, म्हातारीला दात बशिवल्यागत चाललंय तुजं.”

“दात बसले की तुमच्याच मिशा आधी कापते, मामा.”

“काप की. कवाधरनं न्हावी गावला न्हाय.”

पात्यांना धार लावायची अप्पांची पद्धत तिला पाठ होती. कुरुंदाच्या दगडाची पूड तेलात कालवायची, पात्यांना फासायची आणि मशीन उलटं फिरवत राहायचं. फिरती पाती खालच्या पात्यावर घासून घासून स्वतःच धार घेतात. मग मध्ये कागद धरायचा. तिनं साहेबांचं जुनं वर्तमानपत्र धरलं. पहिल्या दिवशी कागद चुरगळला. पुढं फाटू लागला. एके सकाळी सरळ कापला गेला, तेव्हा साहेब दारातच उभे होते.

“शाबास,” ते म्हणाले. कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याला पांढरी पूड लागलेली त्यांना दिसली. “आणि हे काय, चुना?”

“विभूती, साहेब. अप्पांसाठी आणली होती.”

साहेबांनी मान हलवली. या लिंगायत लोकांना ती रोज लागते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

बाहेर पडताना ते हिरवळीच्या मधोमध थांबले. तिथं एका चौकोनात गवत आखूड होतं, रंगानं कोवळं.

“इथं काय झालं?”

“वाळवी लागली होती. खोल उकरून नवी हरळी लावली. निघालेली माती गुलाबांना घातली.”

“ठिगळासारखं दिसतं. एवढा तरी तुकडा खोदून कारंजं बसवू.”

“मशीन फिरलं की दिसायचं न्हाय, साहेब,” शिवकांता शांतपणे म्हणाली. “रूळ फिरला की सगळं एक होतं.”

“आणि दिसलं तर?”

“तर खोदा.”

मशीनला दोघं लागत. पुढून एकानं दोर ओढायचा, मागून एकानं मुठी धरून ढकलायचं. इतकी वर्षं अप्पा पुढं आणि ती मागं असायची. आता दोर बब्रुवाननं घेतला. वरचं उंच गवत आदल्या दिवशी विळ्यानं काढून झालं होतं. पाती किरकिरली, मग एका लयीत बोलू लागली. गवताचे बारीक तुकडे तिच्या पायांवर उडत होते. एक पट्टा फिका, एक गडद, असे सरळ पट्टे उमटत गेले. अप्पांचा एकच दंडक होता: एकदा ओळ धरली की मध्ये वळवायचं नाही, वळवलं की वण राहतो.

व्हरांड्यातल्या खुर्चीत साहेब पुढं सरकून बसले. शिपायाला हाक मारून त्यांनी सांगितलं, “फरशीवाल्याला नको म्हणून कळव.” मग छडी त्या चौकोनाकडं रोखली. “तेवढं बघू आता.”

पट्टा चौकोनाच्या कडेला येऊन भिडला आणि दोर सैल पडला. बब्रुवान थांबला होता. घाम पुसायचं निमित्त करून तो मागं आला.

“अक्का, बाजूनं घेऊ का गं?” तो हळूच म्हणाला. “त्येंच्या शब्दाखातर खड्डा म्याच खांदला, म्याच त्येंला आत बशिवलं. आता तुज्या बापाच्या डोईवरनं ह्यो रूळ कसा वढू?”

शिवकांतानं वाकून गवताला हात लावला. तो कपाळाला लावला. मग मुठी घट्ट धरल्या.

“सरळ ओढा, मामा. वळवलं की वण राहतो.”